खिडकीजवळचा बेड

नाशिक रोड
रविवार, १२ जानेवारी

चि. उत्पला,

सप्रेम जयभीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून कागद-पेन घेऊन बसले आहे. पत्र लिहायची सवय कधीच मोडली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. हे आयशाबरोबर पाठवते. ती हॉस्टेलवर तुझ्या खोलीत आणि दिवसा माझ्या वॉर्डात, म्हणजे बिचारी दोन्हीकडून सापडली आहे. तिच्यावर राग काढू नकोस.

चारचौघींत मी तुला बोलले हे खरं. पण तूही जरा आठवून बघ. तुमच्या वर्गाचं माझ्या फीमेल वॉर्डातलं पहिलं पोस्टिंग, पहिलाच दिवस. दोन स्टाफ सिस्टर शेजारी उभ्या, तुमच्या ट्यूटर मॅडम दारात. मी सकाळची इंजेक्शनं भरून ट्रे तयार ठेवलेला. आणि तू त्या ट्रेकडे बोट दाखवून विचारतेस, "सिस्टर, सिरिंजवर नुसता बेड नंबर का? पेशंटचं नाव का नाही?" मी म्हटलं, "पुस्तक हॉस्टेलवर ठेवून येत जा." सगळ्या हसल्या, तुझे कान लाल झाले. तेव्हापासून तू रविवारची घरी आली नाहीस. मी तुझ्यासाठी सुकटीची चटणी केली आणि एकटीनेच खाल्ली.

आता राग बाजूला ठेवून ऐक. आमच्याकडे सकाळच्या ड्युटीला इन्चार्जने सगळ्यांची इंजेक्शनं एकदमच भरायची, प्रत्येक सिरिंजला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, त्यावर बेड नंबर टाकायचा आणि ट्रे घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. मी नवीन आले तेव्हा मलाही हेच शिकवलं होतं. वॉर्ड कायम भरलेला आणि आम्ही दोघी, फार तर तिघी. एकेकीला नाव विचारत, फाइल उघडत, तिथेच औषध भरत बसलो तर सकाळचं औषध दुपारच्या जेवणानंतर पोचेल. आणि नावांचं काय घेऊन बसलीस? एकाच वेळी तीन-तीन मंदाबाई असतात. निम्म्या म्हाताऱ्यांचं आधार कार्डवरचं नाव वेगळं, घरातलं वेगळं. बेड मात्र जागचा हलत नाही.

अकरावीपासून तू माझ्या घरात राहिलीस. तुझ्या बापाला मी शब्द दिलाय, की शेखर, पोरगी मला दे, सिस्टर करून परत देते. म्हणून सांगते ते डोक्यात ठेव. ड्युटीला यायच्या आधी पोटभर खा, रिकाम्या पोटी जखम बघितलीस तर चक्कर तुलाच येईल. बूट एक नंबर मोठे घे, दुपारनंतर पाय सुजतात. नातेवाईक विचारतील, "बरं वाटेल ना सिस्टर?" तर हो म्हणू नकोस आणि नाही पण म्हणू नकोस, उशी सरळ करायला लाग. डॉक्टर चुकला तर त्याला सगळ्यांदेखत सांगायचं नाही, बाजूला घेऊन विचारायचं, "सर, हे असंच द्यायचं ना?" त्याला कळतं. वॉर्डातल्या मावशीशी पहिल्या दिवशीच ओळख कर, नाहीतर बेडपॅन मागून मागून तुझा घसा बसेल.

आणि इन्चार्जला प्रश्न विचारायचा तर घरी विचारायचा. तुला तर तेवढी सोय होती.

तुझी
अंजली आत्या


नाशिक रोड
रविवार, २६ जानेवारी

चि. उत्पला,

आयशा म्हणाली, पत्र वाचलंस आणि उशीखाली ठेवलंस. फेकलं नाहीस, हेही खूप झालं. उत्तर मात्र नाही. बापावर गेली आहेस, तोही रुसला की सात दिवस भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

तुझं काम मी लांबून बघत असते. शीर शोधायला तू घाई करतेस. आधी हात कोमट कर, मग बोटाने चाचप, डोळ्यांनी शोधू नकोस. टोचताना बोलत राहा. त्या पिंपळगावच्या आजीला तू कांद्याचा भाव विचारत सुई लावलीस, तिला कळलंही नाही. मी मेट्रनला म्हटलं, ही माझी भाची. तेव्हा तू माझ्याकडे बघितलं असतंस तर बरं वाटलं असतं.

पहिलं मरण बघशील त्या दिवशी घरी ये, हॉस्टेलवर राहू नकोस. तिथे पोरी एकमेकींना घाबरवतात. हात कोपरापर्यंत धू, गरम काहीतरी पी आणि माझ्याजवळ येऊन झोप. भांडण असलं तरी ये.

आता गुरुवारचं. बेड सहावरची बाई डिस्चार्ज झाली, त्याच गादीवर नवीन बाई आली आणि जुनीचं इंजेक्शन नवीला गेलं. ते स्टाफ सिस्टरच्या हातून गेलं, तुझ्या नाही. काय झालं? अंगावर थोडं पुरळ उठलं, आम्ही औषध दिलं, संध्याकाळी ती बाई चहात बिस्किट बुडवून खात होती. आणि तू पानभर रिपोर्ट लिहून मेट्रनच्या टेबलावर ठेवायला निघालीस! तो मी तुझ्या हातातून घेतला आणि फाडला. मनगट जोरात धरलं गेलं असेल. बांगडीचा वळ उठला, असं आयशा म्हणाली. त्याचं मला वाईट वाटतं, रिपोर्ट फाडल्याचं वाटत नाही.

आमच्या हॉस्पिटलात लिहिणारी पोरगी टिकत नाही. मी टिकून दाखवलंय. ज्या पोरी माझ्याबरोबर लागल्या त्यातली एक आज औषधाच्या दुकानात उभी असते, एक घरी बसली आहे. त्यांना कुणी काढलं नाही, त्यांची ड्युटीच अशी लावली की त्या आपल्या पायांनी गेल्या. तू तशी जावीस असं मला वाटत नाही. म्हणून तोंड बंद ठेवायला शिक, आणि हे मी तुझ्या भल्यासाठी सांगते आहे हे कधीतरी समजून घे.

तुझी
अंजली आत्या


नाशिक रोड
शनिवार, १५ फेब्रुवारी

उत्पला,

हे वाचून झालं की आधीच्या पत्रांसकट फाडून टाक. बारीक तुकडे कर आणि संडासात टाक, कचऱ्याच्या डब्यात नको. फोन सुरू केलास तरी या विषयावर मला मेसेज करू नकोस. मेसेज राहतो, कुठूनही निघतो.

आधी जेव. आयशाला सांगितलंय, डबा समोर ठेवून बसेल.

काल काय झालं ते मी ओळीने लिहिते, कारण तू रडत सांगशील आणि भलतंच सांगशील. खिडकीजवळच्या बेड बारावर अमिनाबी होती. शुगरची पेशंट, पायाला जखम, रोज सकाळी इन्सुलिन. दाराजवळच्या बेड आठवर कुसाबाई, दिंडोरीकडची, ताप आणि उलट्या. ती आदल्या संध्याकाळी आलेली, तू तिला पाहिलेलंही नव्हतंस, आणि खिडकीकडची रांगही तुझ्याकडे नव्हती. अमिनाबीला सारखं बाथरूमला जावं लागतं आणि बाथरूम दाराकडे. कुसाबाईला वारा हवा होता. दोघींनी आपसात ठरवलं, गाठोडं, डबा, पाण्याची बाटली उचलली आणि बेड बदलले. फाइली मात्र जुन्याच बेडला अडकवलेल्या राहिल्या. मला कुणी काही सांगितलं नाही.

ट्रे भरलेला होता. मला ओपीडीतून डॉक्टरांचं बोलावणं आलं आणि मी तुला म्हटलं, "चालू कर, मी आलेच." तू बेड बाराशी गेलीस. फाइल पाहिलीस, तिच्यावर इन्सुलिन लिहिलेलं होतं, पट्टीवर बारा लिहिलेलं होतं. तू दिलंस. कुसाबाईने काही न बोलता दंड पुढे केला. तिने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. नंतर तिला घाम फुटला तेव्हा तू मला येऊन सांगितलंस, आणि मी म्हटलं, ताप उतरतोय, झोपू दे. जेवणाची गाडी आली तेव्हा ती उठेना. शुगर बघितली तर मशीनवर आकडाच येईना. सलाईन लावलं, आयसीयूत नेलं. अजून ती शुद्धीवर नाही.

आता पुढचं शांतपणे वाच. मंगळवारी मेट्रन तुझं लेखी घेतील. ट्रे कुणी दिला, असं विचारतील. तू लिहायचंस की सिस्टर वॉर्डात नव्हत्या, मी आपणहून ट्रे घेतला. एवढंच. जास्त लिहू नकोस, रडू नकोस, पुस्तकातलं काही सांगू नकोस.

तुला वाटेल, आत्या मला पुढे करते. अगं, डोकं चालव. तू विद्यार्थिनी आहेस. तुझं अजून रजिस्ट्रेशनच नाही, तर ते काढून कोण घेणार? विद्यार्थिनीला समज देतात, फार तर एक टर्म मागे टाकतात, पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षातही राहत नाही. माझं रजिस्ट्रेशन गेलं तर मी या वयात काय करू? मी त्या जागेवर राहिले तरच तुला सांभाळून घेऊ शकेन ना? आपण दोघी बुडण्यापेक्षा तू थोडी भिजलीस तर बिघडत नाही.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. हे मागते आहे.

तुझी आत्या


नाशिक रोड
रविवार, २३ फेब्रुवारी

उत्पला,

हे मनमाडच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवते आहे, कारण तू मंगळवारी सही न करता, कुणाला न सांगता गाडीत बसलीस. वॉर्डनने मला विचारलं, भाची कुठे आहे. मी काय सांगायचं? शेखरने फोन केला. "ताई, पोरगी जेवत नाय, अंगणातल्या नळाखाली सारखी हात धुते. काय झालं तिकडं?" मी म्हटलं, अभ्यासाचा ताण आहे. त्याला तू काही सांगितलेलं दिसत नाही. सांगू नकोस. त्याचं बीपी तुला माहीत आहे.

कुसाबाई शुक्रवारी गेली.

तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं असं वाटलं. तुझ्या आयुष्यातलं पहिलं मरण. तू माझ्याजवळ नाहीस, याचं मला खरंच दुःख आहे.

तिचा मुलगा मल्हारी. द्राक्षबागेत कामाला असतो, हातांवर औषधाचे निळे डाग. आई बरी आहे म्हणून त्या सकाळी तो बागेत गेला होता, हे तो भेटेल त्याला सांगतो. अंत्यविधी करून परत आला आणि आता रोज वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसतो. ओरडत नाही, फोडाफोडी करत नाही, त्यामुळे वॉचमन त्याला काढू शकत नाही. मी आत-बाहेर करताना तो उभा राहतो. परवा म्हणाला, "बाई, सुई कोनी टोचली, येवढं सांगा. मला दुसरं काय नको." मी नाव सांगितलं नाही. विद्यार्थिनी होती, एवढंच म्हटलं. मग त्याने आणखी विचारलं, तेव्हा, ती सुट्टीवर गेली आहे म्हटलं. कुठे, तर मनमाडकडे. माणूस समोर उभा राहिला की काहीतरी सांगावंच लागतं.

तू सही केलीस तर हे सगळं ऑफिसमधे मिटेल. हॉस्पिटल त्याच्याशी बोलेल, तो गावी जाईल. तू लपून बसलीस तर तो शोधणारच. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही.

केसपेपर नीट करून ठेवले आहेत. त्यात आता लिहिलंय की विद्यार्थिनींनी सिस्टरशिवाय ट्रेला हात लावू नये, अशी सूचना त्या दिवशी सकाळी दिली होती. खाली दोन्ही स्टाफ सिस्टरच्या सह्या आहेत. त्यांनाही मुलंबाळं आहेत.

मला रात्री झोप येत नाही असं समजू नकोस. झोप येते. जेवणही जातं. फक्त कुसाबाईचा आवाज मधूनच ऐकू येतो. सकाळच्या राउंडला मी तिला म्हटलं होतं, "काय मावशी, खिडकी पटकावली वाटतं?" तर म्हणाली, "हितं उजेड हाय बाई, तिकडं लय वास येतो." आणि हसली. पुढचे दोन दात नव्हते.

हे मी कशाला लिहिलं कोण जाणे. राउंडला वीस जणींशी असं बोलणं होतं. चहा घेतला की फाइली बदलू असं डोक्यात होतं, आणि मग ट्रे भरायला घेतला. याला कुणी माहीत होतं म्हणणार असेल तर म्हणो. हेही फाड.

सोबत कागद जोडला आहे. नुसती सही कर आणि परत पाठव.

अंजली आत्या


नाशिक रोड
रविवार, १६ मार्च

उत्पला,

तू कागद सही न करता परत पाठवलास. ठीक आहे.

मल्हारी मनमाडला जाऊन आला, पत्ता त्याने वॉचमनकडून काढला, हे मला त्याच्याकडूनच कळलं. त्याआधी तो बाकावर दिसेना तेव्हा मी शेखरला फोन करणार होते, दार उघडू नकोस म्हणून सांगणार होते. दोनदा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत ठेवला. त्याने, कुणी सांगितलं त्याला आमचं गाव, असं विचारलं असतं.

सोमवारी सकाळी मल्हारी सरळ वॉर्डात आला. मावशीने अडवलं, मी म्हटलं, येऊ दे. मला वाटलं, आता हा हात उचलणार. तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि सगळ्या पेशंटदेखत म्हणाला, "पोरगीनं पाय धरले माझे. म्या आईचं नाव इचारलं नाय, मपली चूक हाय म्हनली. रडून रडून तिचा आवाज गेलाय वो. तिच्या बापानं मला जेवू घातलं." मग विचारलं, "तुम्ही कोनाचे पाय धरले, बाई?"

मी म्हटलं, पेशंटच्या आरामाची वेळ आहे, बाहेर जा. तो गेला. त्यानंतर बाकावर आला नाही. रिकामा बाक ओलांडून जाताना मला जास्त त्रास होतो, हे तुला सांगून काय उपयोग?

बुधवारी कमिटी झाली. तू आलीस, बापाचा जुना स्वेटर घालून. सगळं खरं सांगितलंस. बेड नंबरची पट्टी, फाडलेला रिपोर्ट, घाम आल्याचं मला येऊन सांगितलेलं, सगळं. आवाज बसलेला होता, तरी एक शब्द इकडचा तिकडे केला नाहीस. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी तिला ट्रेला हात लावू नकोस असं सांगितलं होतं." आयशाला बोलावलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, मला माहीत नाही.

मग मेट्रनने तुला विचारलं, तुझ्याकडे काही लेखी आहे का. तू म्हणालीस, "होतं. सिस्टरनी फाडायला सांगितलं, म्हणून मी फाडलं." सगळे एकमेकांकडे बघून हसले.

मी नाही हसले. तू माझं सगळं अमान्य केलंस, उत्तर दिलं नाहीस, सही केली नाहीस, आणि तेवढं एक ऐकलंस. का? त्या खोलीत तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस, पण मला वाटतं, तू फाडलंस ते मी आत्या आहे म्हणून.

तुझं नाव कॉलेजातून कमी केल्याचं पत्र या आठवड्यात येईल. मन खचू देऊ नकोस. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात प्रवेश मिळतो, तिथे इथलं कुणी विचारत नाही. विचारलं तर, घरच्या अडचणीमुळे सोडलं असं सांगायचं. मी चिठ्ठी देऊ शकते, माझी ओळख आहे.

दोनदा वाचलं हे वाक्य. राहू दे.

अंजली आत्या


नाशिक रोड
रविवार, १३ एप्रिल

उत्पला,

उद्या जयंती. खालच्या चौकात मंडप पडलाय, पोरं सकाळपासून स्पीकर तपासत आहेत. दर वर्षी आपण दोघी पांढऱ्या साड्या नेसून जायचो आणि तू परत येताना पायात चप्पल चावते म्हणून रिक्षा करायला लावायचीस. उद्या मी जाणार नाही. पोटात दुखतंय.

पित्ताशयात खडे आहेत. महिनाभर गोळ्या खाऊन ढकललं, आता सर्जन म्हणतात, थांबायचं नाही. मंगळवारी ऑपरेशन आहे. आमच्याच हॉस्पिटलात. ऑपरेशननंतर मला माझ्या वॉर्डात ठेवणार नाहीत, वरच्या मजल्यावर सर्जिकल वॉर्ड आहे, तिथे ठेवतील. तिथल्या मुली एजन्सीच्या, दर महिन्याला नवीन. त्या मला ओळखत नाहीत.

म्हणून काल ड्युटी संपल्यावर मी वर बघून आले. कुसाबाईनंतर मेट्रनने परिपत्रक काढलं होतं, सिरिंजवर नाव लिहावं म्हणून. आमच्या भिंतीवरही लावलंय. आठवडाभर सगळ्यांनी लिहिलं, मग वॉर्ड भरला आणि सुटलं. वर एक पोरगी ट्रे घेऊन निघाली होती. तुझ्याच वयाची, दिसायलाही बारीक. पट्टीवर नुसते नंबर. मी तिला विचारलं, "नाव विचारतेस का गं पेशंटला?"

ती म्हणाली, "नाही मॅडम, बेड नंबर असतो ना."

"आणि बेड बदलला असला तर?"

"बेड कुठे बदलतो? असंच शिकवलंय आम्हाला. खालच्या फीमेल वॉर्डातल्या सिस्टरांची पद्धत आहे, सगळीकडे तीच चालते. लवकर होतं." आणि माझ्याकडे बघून गोड हसली. तिला मी कोण ते माहीत नव्हतं.

तेवढ्यात दोन वॉर्डबॉयनी ऑपरेशनची एक बाई आणली. ठरलेल्या बेडचा पंखा बंद होता, म्हणून तिला शेजारच्या बेडवर टाकलं. बाई भुलीत होती, तोंड उघडं. फाइल मात्र ठरलेल्याच बेडला अडकवली गेली. कुणी लबाडी केली नाही, कुणी आळसही केला नाही. सगळे घाईत होते. मी पुढे होऊन ती फाइल बदलली आणि जिन्यात येऊन बसले. मला पेनिसिलिन चालत नाही, तुला माहीत आहे. माझ्या फाइलवर तसं लाल शाईने लिहिलंय. पण ती फाइल कुठल्या बेडला लागेल, हे कोण सांगणार?

मला भीती वाटते, उत्पला. इतकी वर्षं मी त्या बेडच्या उभ्या बाजूला होते, आडव्या बाजूने तो वॉर्ड कसा दिसतो हे कधी बघितलं नव्हतं. कुसाबाईने दंड कसा पुढे केला असेल, हे आता सारखं डोळ्यांसमोर येतं. तिने विश्वासाने केला. माझा हात मी भुलीत असताना कुणीतरी उचलून धरेल.

शेखरला बोलावलं असतं. पण त्याला सुई दिसली की घाम फुटतो, आणि कोणती सिरिंज थांबवायची हे त्याला कळणार नाही. आयशा येईल, पण तिला मी गप्प राहायला शिकवलंय. ती माझ्यापुढे सगळ्याला हो सिस्टर म्हणते. मला अशी कुणीतरी पाहिजे जी चारचौघांत बोट दाखवून विचारेल. अशी एकच पोरगी मला माहीत आहे, आणि तिचं काय केलं ते मला माहीत आहे.

तू आलीस तर मी बरी झाल्यावर मेट्रनला खरं काय ते सांगेन, असं लिहिणार होते. लिहून वाचलं आणि माझीच मला किळस आली. म्हणून आधीच लिहिते. ट्रे मी भरला. ट्रे मी तुला दिला. दोघींनी बेड बदललेले मी सकाळी पाहिले होते. घाम आल्याचं तू सांगितलंस आणि मी झोपू दे म्हटलं. केसपेपर मी बदलायला लावले. खाली पूर्ण नाव टाकून सही करते आहे. या कागदाचं काय करायचं ते तू ठरव, आलीस तरी आणि न आलीस तरी.

हे पोस्टाने वेळेत पोचणार नाही. महेश म्हणून आमचा लॅबवाला मनमाडहून ये-जा करतो, तो आज संध्याकाळी घरी आणून देईल. त्याला दारातून परत पाठवू नकोस, निदान हातात घे.

मंगळवारी सकाळी लवकर मला आत नेतील, दुपारपर्यंत वर आणतील. तू आलीस तर माझ्याशी बोलायला पाहिजे असं नाही. स्टूल ओढ आणि बस. मी झोपेत असले तर मला उठवू नकोस. ट्रे घेऊन येणारीला तेवढं थांबव.

अंजली शेखर नव्हे, अंजली मल्हारराव गांगुर्डे, असं माझं पूर्ण नाव आहे. घाईत तुझ्या नावामागचं बापाचं नाव ओठांवर येईल, म्हणून लिहून ठेवते. ट्रे आणणारीला पेशंटचं नाव विचार. तिने चुकीचं सांगितलं तर सुई लावू देऊ नकोस.

अंजली मल्हारराव गांगुर्डे